पुन्हा म्हटलेली गाणी

ती कॅसेट जपानहून आली तोपर्यंत ‘रिमिक्स’ हा शब्द मी ऐकलेला नव्हता. ऐंशीचं दशक अर्ध्याहून जास्त सरलं होतं. लग्न करून मी नागपूरहून ॲन आर्बरला आले त्याला आठ-नऊ महिने झाले होते. नवरा युनिव्हर्सिटीत केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करत होता आणि आम्ही नॉर्थ कॅम्पसवर, लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या दुमजली विटांच्या घरांपैकी एकात राहत होतो. सगळी घरं सारखी. पहिल्या महिन्यात मी दोनदा दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावली होती.

एका भिंतीपलीकडे जपानी जोडपं राहायचं. नवऱ्याला तिकडच्या एका कंपनीने दोन वर्षं संशोधनासाठी पाठवलं होतं. बायको माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. त्यांना मूल नव्हतं. का नव्हतं, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आमची ओळख झाली ती कपडे धुवायच्या खोलीत. ड्रायरमधून माझा एक मोजा तिच्या कपड्यांत गेला होता, तो परत द्यायला ती घरी आली. दारातूनच तिला समोरच्या भिंतीवरचा बुद्धाचा फोटो दिसला. तिने बूट काढले, आत आली आणि हात जोडून वाकली. माझ्या घरी येऊन असं वाकलेली ती अमेरिकेतली पहिली बाई. मग शेजारच्या फोटोतल्या सूट-चष्म्यातल्या माणसाकडे बोट करून तिने विचारलं, “युअर फादर?”

“येस,” मी म्हटलं.

खोटं बोलल्यासारखं मला वाटलं नाही. आमच्या वस्तीत बाबासाहेबांना बापच म्हणतात. पुढे इंग्रजी थोडं सुधारल्यावर मी तिला सगळं नीट सांगितलं: आम्ही कोण होतो, बौद्ध कसे झालो, माझे वडील तरुणपणी कुणाचं तरी पोर खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर गेले होते. ती गुडघे मुडपून बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “तर मग मला तुझ्या भाषेतला शब्द दे. मोठ्या बहिणीला काय म्हणतात?” मी म्हटलं, ताई. तेव्हापासून ती माझी ताई झाली. जपानी सवयीने आदराचा ‘सान’ जोडून तीच कधीकधी स्वतःला ‘ताईसान’ म्हणायची.

गावात मराठी घरं नव्हती असं नाही. पंधरावीस होती, त्यांचं मंडळ होतं. पहिल्या वर्षी मला हळदीकुंकवाला आवर्जून बोलावलं. नंतर त्यांच्यातल्या एक काकू आमच्याकडे चहाला आल्या, भिंतीवरचे फोटो पाहिले, चहा अर्धा ठेवला आणि ‘मूळचे कुठले तुम्ही’ हा प्रश्न दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त पुढची बोलावणी यायची राहिली. दुकानात भेटल्या की म्हणायच्या, “अगं, तुला फोन करायचा विसरूनच गेलो बाई आम्ही.” मी एम.एस्सी. झालेली होते, पण व्हिसावर काम करायची मुभा नव्हती. सकाळी आठला नवरा बसने लॅबला गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि ती भिंत.

म्हणून ती कॅसेट.

मे महिन्यात ताईच्या धाकट्या बहिणीचं पार्सल आलं. समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ, चहा आणि टॉवेलात गुंडाळलेली एक नवी कॅसेट. कव्हरवर पांढऱ्या शर्टातल्या दोन बायका, पाठीला पाठ लावून उभ्या, चाळिशीकडे झुकलेल्या. ताईने मला सांगितलं की ती शाळेत असताना या दोघी जपानभर गाजत होत्या. एकाच गावच्या मुली. सहा वर्षं जोडीने गायल्या, मग फुटल्या. एकीने लग्न केलं, दुसरी एकटी गात राहिली आणि तिला कुणी ऐकलं नाही. आता इतक्या वर्षांनी दोघी परत एकत्र आल्या होत्या आणि आपलीच जुनी गाणी त्यांनी नव्या स्टुडिओत, नव्या वाद्यांवर पुन्हा म्हटली होती. बी साइडच्या शेवटची तीन गाणी मात्र रिमिक्स. आवाज त्यांचाच, पण कंपनीने खाली यंत्राचा ठेका टाकून ती वेगळीच केलेली.

“म्हणजे जुनीच गाणी,” मी म्हटलं.

“ओल्ड साँग,” ती म्हणाली आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून पुढे म्हणाली, “न्यू थ्रोट.”

जुनी कॅसेट तिच्याकडे होतीच, लग्नानंतर माहेरून आणलेली. तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही आधी जुनं गाणं ऐकायचो, मग तेच नवं. एका गाण्यावर एक दुपार जायची. मला जुनी आवडायची. चटपटीत होती, दोन पोरी जिना उतरत पळाव्यात तशी. नवी मला संथ वाटायची, मध्ये श्वास ऐकू यायचा.

“आता यांना दम लागतो,” मी म्हटलं.

तिला राग आला. तिचा राग म्हणजे आवाज आणखी खाली जायचा. म्हणाली, “वीस वर्षांच्या होत्या तेव्हा कंपनी सांगायची, हसा. त्या हसून गायल्या. गाणं काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं. एक मुलगी बंदराच्या गावी मागे राहते आणि बाकी सगळे निघून जातात, असं गाणं आहे. हसून कसं म्हणणार? आता कुणी हसा म्हणालं नाही.”

“आणि रिमिक्स?”

“ते परत कंपनीचं,” ती म्हणाली आणि तेवढ्यावर टेप बंद केली.

मला माझे वडील आठवले. ते पोस्टात होते, पण दर चौदा एप्रिलला वस्तीतल्या मंचावर भीमगीतं म्हणायचे. एक गाणं ते दरवर्षी म्हणायचे आणि वयाबरोबर ते हळू होत गेलं. समोरची पोरं ओरडायची, काका, मागच्या वर्षीसारखं म्हणा ना. वडील हार्मोनियम थांबवून म्हणायचे, मागचं वर्ष गेलं. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की मला आपली हार कबूल करावी लागली.

मग मी ती गाणी शिकायला लागले. ती एकेक ओळ म्हणायची, मी वहीत देवनागरीत लिहायचे. जपानी उच्चार आपल्या लिपीत किती नेमके बसतात याचं मलाच नवल वाटलं. फक्त ‘त्सु’ लिहिताना पेन अडखळायचं. मी वाचून दाखवलं की ती टाळी वाजवायची. आमच्याकडे इंग्रजी थोडं, तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला नाही, आणि तरी भरदुपारी कपडे धुवायच्या खोलीत, मशीनच्या घरघरीत, वरचा आवाज तिचा आणि खालचा माझा, असं आम्ही अख्खं गाणं म्हणायचो. बाहेरून कुणी आलं की गप्प व्हायचो. उभ्या आयुष्यात मला तितकं सुख कमी वेळा मिळालं आहे.

ऑगस्टमध्ये मला दिवस गेल्याचं कळलं. आईला पत्र टाकायच्या आधी मी ताईला सांगितलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. पाचवा महिना लागल्यावर मला म्हणाली, आता बाळाला ऐकू येतं. रोज दुपारी ती मला टेपच्या जवळ बसवायची. बी साइडचा शेवट आला की स्वतः उठून बटण दाबायची. “रिमिक्स नको. बाळ घाबरेल.”

नोव्हेंबरात एक गोष्ट घडली. तेव्हा मिशिगनमध्ये मोटारींचे कारखाने बंद पडत होते, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या आणि राग निघायचा तो जपानी गाड्यांवर. ताई बाजारातून दूध घेऊन पार्किंगमध्ये आली तर तिच्या गाडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत किल्लीने ओढलेली रेघ. बाजूच्या पिकअपमधला माणूस काच खाली करून म्हणाला, “गो होम.” हे तिने मला संध्याकाळी सांगितलं, दुधाची बाटली हातात तशीच धरून. “मी त्याला सांगितलं, मार्चमध्ये जाणार आहे,” ती म्हणाली. “खरं तेच सांगितलं.” त्यानंतर तिने गाडी चालवणं सोडलं. बसने जायला लागली. गाडी आमच्या समोर उभी होती. डिसेंबरात तिच्यावर बर्फ चढलं आणि ती रेघ दिसेनाशी झाली.

जानेवारीच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमाराला, मी भांडी घासत असताना पोट दगडासारखं कडक झालं. सातवा महिना होता. आधी वाटलं, उभी राहून राहून दुखतंय. खाली पाहिलं तर रक्त. मी नवऱ्याच्या लॅबला फोन केला. कुणी उचलला नाही. नंतर कळलं की तो त्या दिवशी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एका यंत्रावर नमुने तपासत होता. ॲम्ब्युलन्स बोलवायची असते हे मला सुचलंच नाही. मी पातेल्याने भिंत बडवली.

ती चपला न घालता आली. मला पाहिलं, परत गेली, आणि खिडकीतून मला दिसलं की ती अंगणातल्या झाडूने गाडीच्या काचेवरचं बर्फ ढकलतेय. अडीच महिन्यांत ती गाडीत बसली नव्हती. तिने मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि किल्ली फिरवली. गाडी चालू झाल्याबरोबर टेपही चालू झाली, त्याच कॅसेटची तिने गाडीसाठी भरून घेतलेली नक्कल. नोव्हेंबरात जिथे थांबली होती तिथून, बी साइडच्या शेवटी. यंत्राचा तो ठेका, वर त्या दोघींचे आवाज. तिने टेप बंद केली नाही. मला वाटतं तिला ती ऐकूच येत नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान पुढे, आणि निसरड्या रस्त्यावर ती इतकी हळू, इतकी जपून चालवत होती की मी मनात ओरडत होते, जोरात चालव. आजही मला कळत नाही की जोरात चालवली असती तर काही बदललं असतं का. डॉक्टर म्हणाले, नसतं. डॉक्टर चांगले होते. मी त्यांचं मानते. दिवसा मानते.

हॉस्पिटलच्या दारात विचारलं, तुम्ही हिच्या कोण? तिने सांगितलं, “सिस्टर.” एवढं मी ऐकलं. मग छताचे दिवे, मग मास्क.

जाग आली तेव्हा दुपार कलली होती. खिडकीबाहेर बर्फाचा निळसर उजेड होता. नवरा खुर्चीत बसला होता, अंगात लॅबचा कोट तसाच.

“मुलगी होती,” तो म्हणाला.

होती या शब्दातच सगळं आलं. थोड्या वेळाने नर्स आली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, तुला तिला बघायचंय का? मी आणते. घाई नाही.

नवरा मराठीत म्हणाला, “नको. तुला झेपणार नाही. एकदा बघितलं की डोळ्यासमोरून जाणार नाही.”

त्याच्या सांगण्यात वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे असंच करतात, बाईला दाखवत नाहीत. मी नर्सकडे पाहून मान हलवली, नाही म्हणून. ती मान मी हलवली. दुसऱ्या कुणी हलवली नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, आणि त्याने काही हलकं होत नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. मी बेशुद्ध होते, तो अजून पोचला नव्हता, तेव्हा नर्सने बाळ गुंडाळून बाहेर आणलं होतं. बहीण म्हणून ताईला विचारलं, घेणार का? तिने घेतलं. जवळजवळ तासभर मांडीवर घेऊन बसली होती.

“नर्स म्हणाली, युअर सिस्टर वॉज सिंगिंग टु हर,” तो म्हणाला. चांगली गोष्ट सांगावी तसं सांगितलं त्याने.

माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. माझं मूल. माझ्या आधी तिने बघितलं. माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, तिला गाणं म्हटलं, आणि मी कुठे होते? त्या वेळी दुःखापेक्षा राग सोपा होता. दुःखाला टेकायला जागा नव्हती, रागाला शेजारचं घर होतं.

पाच दिवसांनी नवरा लॅबला गेला. त्याआधी तो आणि त्याचा एक मित्र जाऊन सगळं उरकून आले होते. काय केलं, कुठे केलं, मी विचारलं नाही. एवढंच म्हणाला की त्याने मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं. मंडळातल्या त्या काकू आणि आणखी एक मावशी वरणभात घेऊन आल्या. खरंच मायेने आल्या होत्या. काकू म्हणाल्या, “वय काय गं तुझं. होईल पुन्हा.” आईचं पत्र आलं, त्यातही तेच, पुन्हा. सगळे तोच शब्द म्हणत होते. जसं काही पहिलं नीट रेकॉर्ड झालं नव्हतं.

ताई रोज यायची. दार वाजवायची, मी उघडत नसे. मग कडीला पिशवी अडकवून जायची. आत डब्यात तांदळाची पातळ पेज असायची, आपल्याकडे आजाऱ्याला देतात तशी, वर चिमूटभर मीठ. मी ती सिंकमध्ये ओतून डबा धुवून बाहेर ठेवायचे. असं तीन आठवडे चाललं.

एकदा मी कचरा टाकायला दार उघडलं आणि ती समोरच उभी. अंगावर कोटसुद्धा नव्हता. बारीक झाली होती.

“मी तिला पाहिलं,” ती म्हणाली. एकेक शब्द शोधून, पाठ करून आली असावी. “तुझी बेबी. मी तुला सांगू? तिचा चेहरा. मला सगळं आठवतं. मी सांगू?”

“नो,” मी म्हटलं.

“थोडंच सांगते. तू—”

“नो. गो होम.”

मला म्हणायचं होतं, तुझ्या घरी जा, शेजारी. माझं इंग्रजी तेवढंच होतं. पण ते शब्द तोंडातून बाहेर पडल्याबरोबर मला कळलं आणि तिलाही कळलं. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. ती कमरेतून वाकली, अगदी खालपर्यंत, बाहेरच्या माणसापुढे वाकतात तशी. माझ्यापुढे ती तशी कधी वाकली नव्हती. मग गेली. मी तिला हाक मारू शकत होते. दहा पावलांवर तिचं दार होतं. मी कचऱ्याची पिशवी घेऊन परत आत आले.

त्यानंतर कडीला पिशवी आली नाही. भिंतीपलीकडून टेपचा आवाजही आला नाही, एकदासुद्धा. मी भिंतीला कान लावून ऐकायचे, हे कबूल करते.

मार्चच्या शेवटी त्यांची दोन वर्षं संपली. सामान न्यायला ट्रक आला. मी पडद्याआड उभी राहून पाहिलं. ती रेघ पडलेली गाडी कुणी विद्यार्थी घेऊन गेला. तिचा नवरा टॅक्सीत बसला, ती बसली नाही. ती आमच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि वाकली. किती वेळ वाकून होती. मी पडदा धरून होते. माझा हात पडद्यावर होता, फक्त ओढायचा होता. दाराच्या फटीतून एक कागद आत आला होता, तो नंतर उचलला. मोठ्या इंग्रजी अक्षरांत जपानमधला पत्ता, आणि खाली एक ओळ, तुला विचारावंसं वाटेल तेव्हा विचार.

जुलैत एका दुपारी मी बसस्टॉपवर उभी होते. शेजारी एक बाई, तिच्या खांद्यावर झोपलेलं तान्हं बाळ. त्याच्या टाळूवर काळं जावळ होतं, घामाने चिकटलेलं. आणि मला एकदम लक्षात आलं की माझ्या मुलीला केस होते की नव्हते हे मला माहीत नाही. रंग कुणाचा होता, नाक कुणाचं होतं, डोळे मिटलेले होते का. जगात एका माणसाला माहीत होतं. बस आली आणि गेली. मी चढलेच नाही.

घरी येऊन इंग्रजीत पत्र लिहायला बसले. जमेना. ‘आय ॲम सॉरी’ लिहिलं की ते दुकानात धक्का लागल्यावर म्हणतात तसं दिसायचं. चार कागद फाडले. मग मी लायब्ररीत गेले. तिथे एक जपानी विद्यार्थी दुपारी पुस्तकं लावायचं काम करायचा, त्याला विचारलं, तुझ्या भाषेत एक पत्र लिहून देशील का? मी सांगते.

तो हसून बसला. मी सांगत गेले. तू मला पेज आणून द्यायचीस, मी ती ओतून टाकली. तू बर्फात गाडी काढलीस. मी तुला गो होम म्हटलं, मला तसं म्हणायचं नव्हतं, पण रागाने म्हटलं होतं हे खरं. इथवर तो लिहीत गेला. मग मी म्हटलं, “आता लिही. माझी मुलगी कशी दिसत होती? तिला केस होते का?”

त्याचं पेन थांबलं. वीस-एकवीस वर्षांचा असेल. “मॅडम, हे मी कोणत्या भाषेत लिहू,” तो म्हणाला, “म्हणजे, आदराची भाषा की घरातली? आमच्याकडे दोन वेगळ्या आहेत.”

“बहिणीला लिहितात तशी,” मी म्हटलं.

त्याने लिहिलं. पाकीट बंद करताना म्हणाला, तुम्ही तिला ज्या शब्दाने हाक मारायचा तो वर तुमच्या अक्षरात घाला. मी ‘ताई’ लिहिलं.

पत्र ऑक्टोबरात परत आलं. पाकिटावर निळा शिक्का होता. मी तो त्याच मुलाकडे नेला. या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही, असं होतं. मग तिच्या नवऱ्याच्या डिपार्टमेंटमध्ये गेले. सेक्रेटरी बाईंनी त्याच्या कंपनीला विचारून सांगितलं की त्याने परतल्यावर दोन महिन्यांत नोकरी सोडली, पुढचं माहीत नाही. हे लायब्ररीतल्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे अशी नोकरी कुणी सोडत नाही. काहीतरी झालं असेल. काय झालं असेल, मी विचारलं. त्याने खांदे उडवले आणि पुस्तकं लावायला गेला. त्या दोघी गाणाऱ्या बायकांची नावंसुद्धा मला वाचता येत नव्हती, कॅसेट तर तिच्याबरोबर गेली होती. माझ्याकडे उरली होती ती देवनागरीतली वही, जी मी घडाघडा वाचू शकते आणि जिच्यातला एक शब्दही मला कळत नाही.

त्याच आठवड्यात जेवताना मी नवऱ्याला विचारलं, “तुम्ही तिला जरासुद्धा बघितलं नाही?”

त्याने घास खाली ठेवला. “मी पोचलो तेव्हा त्या आत बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं. पांढरं गाठोडं दिसलं. चेहरा त्यांच्याकडे होता.”

“मग?”

“मी आत गेलो नाही. कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. नर्स घेऊन जाईपर्यंत उभा राहिलो.” त्याने ताट बाजूला सारलं. “त्या गात होत्या ते तू म्हणायचीस तेच गाणं होतं. मला वाटलं, गाणं संपलं की जाऊ. ते संपलं की त्या परत सुरुवातीपासून म्हणायच्या.”

मग तो रडला. लग्नानंतर मी त्याला रडताना पहिल्यांदाच पाहत होते. मी उठून त्याच्याजवळ जायला हवं होतं. मी बसून राहिले. आमच्या दोघांत ते टेबल होतं आणि पुढेही कितीतरी दिवस होतं.

पुढच्या वर्षी त्याची पीएच.डी. झाली, नॉर्थ कॅरोलिनात औषधांच्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही कॅरीला राहायला गेलो. तिथे बस नव्हती, बर्फ नव्हतं, जिकडेतिकडे पाइनची झाडं आणि नवी बांधलेली घरं. दशक संपता संपता मुलगा झाला. धडधाकट, रडका, डोक्यावर भरपूर केस. नर्सने तो माझ्या हातात दिला तेव्हा मी त्याचा चेहरा इतका निरखून पाहिला की ती म्हणाली, काही चुकलंय का? मी त्याच्यात दुसरं कुणीतरी शोधत होते. पण काय शोधायचं हेच माहीत नसेल तर सापडणार कसं.

घरी आल्यावर गल्लीतल्या एक मराठी काकू बाळंतविडा घेऊन आल्या. पुण्याच्या, बोलक्या. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी दृष्ट काढली, नाकडोळ्यांवरून बापावर गेलाय असा निकाल दिला आणि मला विचारलं, “पहिलाच ना गं?”

नवरा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता.

“हो,” मी म्हटलं.

त्याने ट्रे टेबलावर ठेवला, काकूंना साखर किती हे विचारलं आणि परत आत गेला.